झोर्झ ब्रासँस : एक गिटार, एक डबल बास आणि तीस वर्षे

(एका संस्थळावरची चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्या सदस्याचे टोपणनाव आहे.)

पेठेतला

पुण्यात फ्रेंच शिकत असताना आमच्या बाईंनी एका शनिवारी पुस्तक मिटवले आणि 'ले कोपँ दाबोर' हे गाणे लावले. वर्गातल्या निम्म्या लोकांना त्यातला निम्मा भागही कळला नव्हता, तरी सगळे पायाने ताल धरून बसले होते. घरी येऊन मी त्या गायकाच्या, म्हणजे झोर्झ ब्रासँसच्या, तीन ध्वनिमुद्रिका एका बैठकीत ऐकल्या आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर दुसरी संपेपर्यंत कंटाळलो. गिटार तीच, मागे डबल बास तोच आणि आवाजही तसाच, दाढेखाली काहीतरी चघळत असल्यासारखा. एका गाण्याची चाल संपून दुसरीची केव्हा सुरू झाली, हे मला दोनदा समजले नाही.

हा माणूस १९५२ मध्ये पहिल्यांदा रंगमंचावर आला आणि १९८१ मध्ये वारला. मधल्या काळात रॉक अँड रोल आला, वाद्यवृंद बदलले, पण याने आपला संच बदलला नाही; आणि तरीही फ्रान्सने त्याला डोक्यावर घेतले. हे केवळ शब्दांचे यश असेल, तर अर्धवट फ्रेंच येणाऱ्या माझ्यासारख्याने त्याच्याकडे कोणत्या वाटेने जावे? जाणकारांनी मार्गदर्शन करावे. (त्याचा एकेरी उल्लेख सवयीचा आहे, अनादराचा नाही.)

तिरकस

तीन ध्वनिमुद्रिका एका बैठकीत ऐकणे म्हणजे बासुंदीचे पातेले तोंडाला लावून मग गोडाविषयी तक्रार करण्यासारखे आहे. रोज एक गाणे ऐकावे, समोर शब्द ठेवून.

मोंपेल्येवासी

प्रथम उच्चाराविषयी, म्हणजे पुढे त्यावरून भांडण नको. शेवटचा 'स' उच्चारला जातो आणि त्याआधीचा स्वर नाकातला आहे, म्हणून 'ब्रासँस' हे बरेच जवळचे. त्याच्या गावाचे नाव 'सेत'. मी तिथून आगगाडीने वीसएक मिनिटांच्या अंतरावर राहतो.

सेत हे भूमध्य समुद्रावरचे मासेमारीचे बंदर आहे. ब्रासँसचा जन्म तिथे २२ ऑक्टोबर १९२१ रोजी झाला. वडील गवंडीकाम करणारे आणि देवधर्म न मानणारे, तर आई इटालियन वंशाची आणि कट्टर कॅथलिक. आईला गाण्याचे वेड होते, पण शाळेत गुण कमी म्हणून तिने मुलाला संगीत शिकू दिले नाही, असे सांगतात. शाळेत आल्फोंस बोनाफे नावाचे शिक्षक भेटले आणि त्यांनी या उनाड मुलाला बोदलेर या कवीची गोडी लावली. पुढे मित्रांच्या टोळक्यात किरकोळ चोऱ्या करताना तो पकडला गेला. पोलीस ठाण्यात मुलाला न्यायला आलेल्या वडिलांनी एका शब्दानेही त्याला दुखावले नाही. त्या प्रसंगावर त्याने १९६६ मध्ये, म्हणजे जवळजवळ तीस वर्षांनी, गाणे केले. गावात मात्र बोभाटा व्हायचा तो झालाच आणि १९४० मध्ये त्याने पॅरिसला मावशीचे घर गाठले.

बोनाफे यांचे नाव लक्षात ठेवा. सेगेर्स या प्रकाशनसंस्थेची 'आजचे कवी' अशा अर्थाची एक नामांकित पुस्तकमाला होती. तिच्यात १९६३ मध्ये ब्रासँसवरचे पुस्तक निघाले, तेव्हा ते लिहिले बोनाफे यांनीच. विद्यार्थ्यावर शिक्षकाने लिहिलेले असे पुस्तक माझ्या तरी पाहण्यात दुसरे नाही.

ग्रंथकीटक

मोंपेल्येवासी यांनी १९४० वर सोडले, तिथून पुढे मी घेतो, कारण पेठेतला यांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर पुढच्या बारा वर्षांत आहे.

जर्मन व्याप्तीच्या काळात फ्रेंच तरुणांना सक्तीने जर्मनीत कामाला धाडले जात असे. ब्रासँसला १९४३ मध्ये बर्लिनजवळच्या बास्डॉर्फला विमानांची इंजिने बनवणाऱ्या कारखान्यात जावे लागले. मार्च १९४४ मध्ये काही दिवसांची रजा मिळाली, तो पॅरिसला आला आणि परत गेलाच नाही. मावशीच्या ओळखीच्या जान आणि मार्सेल प्लांश या दांपत्याने त्याला लपवले. पॅरिसच्या चौदाव्या विभागातल्या 'अँपास फ्लोरिमों' नावाच्या बोळात त्यांचे घर होते. घरात वीज नव्हती, नळ नव्हता, अंगणात मात्र कुत्री, मांजरे आणि एक बदक होते. त्या बदकावरही त्याचे गाणे आहे. लपण्याची गरज काही महिन्यांत संपली. तो मात्र तिथे बावीस वर्षे राहिला, म्हणजे देशभर नाव झाल्यावरही, १९६६ पर्यंत.

या घरात त्याने काय केले, तर वाचले. व्हियों, ला फोंतेन, ह्यूगो, व्हेर्लेन या फ्रेंच कवींच्या छंदांचा, म्हणजे वृत्तांचा, अभ्यास त्याने एखाद्या विद्यार्थ्यासारखा केला. मध्यंतरी 'ल लिबेर्तेर' या अराज्यवादी साप्ताहिकात तो लिहीत असे आणि मुद्रितेही तपासत असे. तिथे घेतलेल्या टोपणनावांपैकी एक होते 'झेओ सेदीय'. सेदीय म्हणजे फ्रेंच 'सी'च्या पोटाखाली लटकणारी शेपटी.

सांगायचा मुद्दा असा, की पहिली ध्वनिमुद्रिका निघाली तेव्हा तो तिशी ओलांडलेला, छंदशास्त्र पचवलेला माणूस होता आणि पदरी तयार गाण्यांचा साठा होता. म्हणूनच त्याच्या कारकिर्दीत कोवळा, चाचपडणारा टप्पा जवळजवळ दिसत नाही.

तिरकस

शुद्धलेखनाचा आग्रह धरणारा अराज्यवादी! म्हणजे सरकार नको, पण शेपटी जागच्या जागी हवी. असे दोन-तीन सदस्य आपल्या संस्थळावरही आहेत.

सायंतारा

पदार्पणाची हकिगत राहून गेली. ब्रासँसला स्वतः गायचेच नव्हते. आपली गाणी दुसऱ्या कोणीतरी गावीत, या हेतूने तो गायिकांची दारे झिजवत होता. 'पारी माच' या साप्ताहिकात काम करणाऱ्या सेतच्या मित्रांनी मार्च १९५२ मध्ये त्याला मोंमार्त्रला पाताशू या गायिकेच्या उपाहारगृहात नेले. तिने गाणी ऐकली, काही स्वतःसाठी घेतली, पण 'ल गोरिय'सारखी गाणी त्यानेच गायला हवीत, असा आग्रह धरला. घामाघूम होऊन तो उभा राहिला आणि तिथल्या वादकांपैकी पिएर निकोला याने मागे डबल बास धरला. तो निकोला शेवटपर्यंत त्याच्याबरोबर होता. 'मागे डबल बास तोच' असे पेठेतला यांनी तक्रारीच्या सुरात म्हटले आहे, पण ती तीस वर्षांची सोबत आहे.

पुढचे वेगाने घडले. झाक कानेत्ती या निर्मात्याने त्याला आपल्या 'त्रोआ बोदे' या नाट्यगृहात आणले आणि ध्वनिमुद्रण करवले, १९५४ मध्ये शार्ल क्रो अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि 'ऑलिंपिया' या मोठ्या सभागृहातही गाणे झाले. पण त्याचे मन रमले ते 'बोबिनो' या तुलनेने लहान सभागृहात. १९७६ च्या ऑक्टोबरपासून १९७७ च्या मार्चपर्यंत, सलग पाच महिने, तो तिथे गात होता. रंगमंचावरची ती त्याची अखेरची मालिका ठरली.

खर्ज

मी गिटार वाजवतो, त्यामुळे 'चाली सारख्याच' या विधानाला उत्तर देणे मला भाग आहे.

ब्रासँस चाली गिटारवर नव्हे, बहुतेक पियानोवर बांधत असे. एका कवितेसाठी तो अनेक चाली करून बघे आणि शब्दांच्या पुढे न धावणारी ठेवून घेई. गिटारवर ऐकताना उजव्या हाताची 'पोंप' पद्धत सतत चालू असते, म्हणजे खर्जाची तार, मग छेडलेला सूर, पुन्हा खर्ज; त्यामुळे कानाला वाटते की काहीच घडत नाही. स्वरावली लिहून काढा, मग मधले अनपेक्षित वळण सापडते. त्याला लहानपणापासून जाझ आणि गायक शार्ल त्रने यांच्या गाण्यांचा नाद होता आणि तो या चालींत मुरलेला आहे. १९७९ मध्ये अमेरिकन जाझ वादकांनी त्याच्या गाण्यांची शब्दांविना ध्वनिमुद्रिका केली, त्यात तो स्वतः गिटारवर साथीला बसला होता. शब्द काढून घेतल्यावर त्या चाली कोसळल्या असत्या, तर त्या वादकांनी त्यांना हात लावला नसता.

सरळरेषा

खर्ज यांचा युक्तिवाद मला पटत नाही. लुई आरागोंची 'सुखी प्रेम असे नसतेच' या अर्थाची कविता आणि फ्रांसिस झामची प्रार्थना, या दोन कवितांना ब्रासँसने एकच चाल लावली. एक कवी साम्यवादी, दुसरा श्रद्धाळू कॅथलिक. दोन टोकांच्या कवितांना एकच चाल चालते, याचा अर्थ चालीला स्वतःचे काही म्हणणे नाही.

खर्ज

उलट अर्थही निघतो. आपल्याकडे एकाच चालीवर शेकडो आर्या आणि ओव्या म्हटल्या गेल्या, तेव्हा चाल रिकामी आहे असे कोणी म्हटले नाही. दोन्ही कवितांत बारा अक्षरांच्या ओळी आहेत, दोन्हींत दुःखाची मोजदाद आहे, आणि एकच सूर नास्तिकाच्या व भाविकाच्या तोंडी सारखाच शोभतो, हे दाखवण्याचा त्याचा बेत असावा. नुसता आळस असता, तर त्याने दोन गाणी एकमेकांच्या इतक्या जवळ प्रसिद्ध केली नसती, लपवली असती.

ग्रंथकीटक

आरागोंच्या कवितेविषयी एक जोड. मूळ कविता युद्धकाळातली आहे आणि शेवटच्या कडव्यात देशावरच्या प्रेमाचाही उल्लेख येतो. ब्रासँसने ते कडवेच गाळले. परिणामी व्याप्त देशातल्या कवीची कविता केवळ प्रेमाच्या दुःखाची होऊन बसली. गाणे म्हणून ती अधिक घट्ट झाली, हे मान्य. पण कवीच्या जागी मी असतो, तर रागावलो असतो.

सरळरेषा

नेमके हेच. देश आला की हा गृहस्थ कात्री घेऊन उभा. १९६४ ची ध्वनिमुद्रिका काढा. जिच्यावर 'ले कोपँ दाबोर' आहे, तिच्यावरच 'दोन काका' हे गाणे आहे. एक काका इंग्रजांचा चाहता, दुसरा जर्मनांचा. दोघेही आपापल्या मित्रांपायी मेले आणि कोणावरच प्रेम न करणारा मी मात्र जिवंत आहे, असा त्याचा आशय. फ्रान्सच्या मुक्तीला तेव्हा वीस वर्षेच झाली होती. प्रतिकार चळवळीत माणसे गमावलेल्या घरांनी हे ऐकून काय करायचे होते? लढणारा आणि शत्रूला मिळालेला, यांना एका पारड्यात बसवणे म्हणजे शांततावाद नव्हे.

मोंपेल्येवासी

त्या गाण्यावर तेव्हाही गदारोळ झाला होता आणि माझ्या शेजारचे आजोबा आजही ते गाणे लागले की रेडिओ बंद करतात. तरीही एक लक्षात घ्यावे, की हे लिहिणारा माणूस आरामखुर्चीत बसून तटस्थ झालेला नव्हता. तो बास्डॉर्फच्या छावणीत राहिला होता आणि रजेवरून परत न गेल्यामुळे पकडला गेला असता, तर पुढचे सांगता येत नाही. पुढे आयुष्यभर त्याचा चिटणीस राहिलेला आणि खडकासारखा खंबीर म्हणून 'जिब्राल्टार' म्हटला गेलेला मित्र त्याला त्याच छावणीत भेटला.

टीका त्याने मनावर घेतली असावी, कारण १९७२ मध्ये 'मूरीर पूर देझिदे' आले. विचारांसाठी जरूर मरावे, पण सावकाश, असे त्यात तो म्हणतो. दुसऱ्यांना मरणाचा उपदेश करणारे स्वतः किती दीर्घायुषी असतात, याकडे त्याने बोट दाखवले. 'दोन काका'पेक्षा हे कितीतरी उजवे गाणे आहे, कारण इथे नेम मेलेल्यांवर नसून मरायला पाठवणाऱ्यांवर आहे.

सरळरेषा

दुसऱ्या गाण्याविषयी सहमत. पहिल्याविषयी नाही.

वाटसरू

'ल गोरिय'चे नाव वर आले, पण ते काय आहे हे कोणी सांगितले नाही. सभ्यतेमुळे असेल. मी जमेल तितक्या सभ्यपणे सांगतो. पिंजऱ्यातून एक गोरिला सुटतो, बघ्यांची पळापळ होते आणि मागे दोघेच उरतात, एक जख्ख म्हातारी आणि एक झगाधारी तरुण न्यायाधीश. प्रणयोत्सुक गोरिला न्यायाधीशाला कान धरून झाडीत नेतो. तिथवर चावट लोककथा वाटावी असे गाणे शेवटच्या ओळींत फिरते. न्यायाधीश आईच्या नावाने टाहो फोडतो, अगदी तसाच, जसा त्याच दिवशी त्याने शिरच्छेदाची शिक्षा दिलेला माणूस रडला होता. हसता हसता घास अडकावा तसे होते.

सरकारी नभोवाणीवर हे गाणे बराच काळ लागत नसे. फ्रान्सने देहान्त शिक्षा रद्द केली ती ९ ऑक्टोबर १९८१ च्या कायद्याने. ब्रासँस त्यानंतर वीस दिवसांनी, २९ ऑक्टोबरला, कर्करोगाने गेला.

उंबरठा

इतका वेळ वाचत होते. पुरुषांची मैत्री, पुरुषांचे युद्ध, पुरुषांचे छंदशास्त्र हे सगळे ठीक आहे, पण त्याच्या गाण्यांतल्या बायकांविषयी कोणी बोलायचे? १९६९ च्या एका गाण्याचे तर शीर्षकच 'स्त्रीद्वेष बाजूला ठेवला तर' असे आहे आणि तो काही बाजूला ठेवलेला नाही. कजाग, मूर्ख, बडबडी, बेवफा अशा स्त्रियांची त्याच्याकडे रांग आहे.

आणि तरी मला तो टाकून देता येत नाही. योहा हायमान ही एस्टोनियात जन्मलेली स्त्री १९४७ पासून त्याची सोबतीण होती. त्यांनी लग्न केले नाही आणि एका छपराखालीही राहिले नाहीत. १९६६ मध्ये त्याने तिच्यासाठी 'मागणी न घालण्याचे' गाणे लिहिले. लग्नाच्या कागदावर आपली नावे नकोत, तुला माझ्या चुलीशी बांधायला नको, असा त्याचा सूर. वेश्यांच्या कष्टांवरचे १९६१ चे गाणेही आहे, त्यात चेष्टा त्यांची नाही, तर त्यांना नावे ठेवणाऱ्यांची आहे. एकाच माणसाच्या हातून ही दोन्ही टोके आली आहेत. कोणाला एक टोक लपवायचे असेल, तर त्याचा चाहता होण्यात अर्थ नाही.

ग्रंथकीटक

उंबरठा यांचा मुद्दा रास्त आहे. त्याच्याच पुढे 'ले पासाँत' या गाण्याची गोष्ट सांगतो. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रासँसला जुन्या बाजारात आंत्वान पोल या अपरिचित कवीचा, १९१८ मध्ये निघालेला संग्रह मिळाला. त्यातल्या एका कवितेत वाटेत क्षणभर दिसून गेलेल्या स्त्रियांची आठवण आहे. खिडकीतली, आगगाडीच्या डब्यात समोर बसलेली, दुसऱ्या कोणाच्या संसारात अडकलेली. ब्रासँसने तिच्यावर वर्षानुवर्षे चाली लावल्या आणि पुसल्या. अखेर कवीचा शोध लागला, परवानगी मिळाली, पण भेट व्हायच्या आधीच १९७१ मध्ये पोल वारले. गाणे १९७२ मध्ये आले. ज्या कवितेचा विषयच हुकलेली भेट, तिच्या कवी-गायकांचीही भेट हुकली. आज पोल यांचे नाव टिकून आहे ते या एका गाण्यामुळे.

तिरकस

चाल लावायला तीस वर्षे! आणि काही लोकांना त्या सगळ्या सारख्या वाटतात.

पेठेतला

तिरकस, टोमणा पोचला. सगळे वाचतो आहे. एक शंका : १९६७ मध्ये त्याला फ्रेंच अकादमीचे काव्याचे मोठे पारितोषिक मिळाले, असे वाचले. मग त्याला कवी म्हणायचे की गायक?

सायंतारा

त्यावर तेव्हाही नाके मुरडली गेली. त्याने स्वतः मोठ्या कवींच्या पंगतीत बसण्याचा हट्ट कधी धरला नाही. पोल फोर, व्हियों, ह्यूगो यांच्या कविता गाताना तो जितका काटेकोर, तितकाच स्वतःच्या ओळींबाबतीत. ओळ बसली नाही तर गाणे वर्षानुवर्षे वहीत पडून राही. म्हणूनच मागे अपुरी-पुरी बरीच गाणी उरली आणि ती त्याच्या मित्राने, झां बेर्तोला याने, १९८२ आणि १९८५ मध्ये स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित केली.

वाटसरू

भाषा येत नसलेल्यांसाठी वाट आहे, ती म्हणजे इतर भाषांतले गायक. इटलीत फाब्रित्सिओ दे आंद्रे याने 'ल गोरिय' आणि 'ले पासाँत' इटालियनमध्ये आणले, स्पॅनिशमध्ये पाको इबान्येझ गातो आणि इंग्लंडमध्ये जेक थॅकरे याने गोरिला यॉर्कशायरी थाटात गायला. मराठीत कोणी करून पाहिले आहे का?

मोंपेल्येवासी

करून पाहिले आणि शीर्षकाशीच अडलो. 'ले कोपँ दाबोर' म्हणजे 'मित्र आधी'. पण फ्रेंच कानाला त्याच उच्चारात 'नावेत चढलेले मित्र' असेही ऐकू येते. सगळे गाणे एका होडीवर आहे, त्यात फुटलेल्या मेदूझ जहाजाच्या तराफ्यापासून पॅरिस शहराच्या लॅटिन ब्रीदापर्यंत संदर्भ आहेत आणि शेवटी मेलेल्या मित्राची रिकामी जागा आहे, जिच्यावर पाणी कधीच मिटत नाही. 'मित्र आधी' म्हटले की होडी बुडते, 'होडीतले मित्र' म्हटले की सहलीचे वर्णन होते.

उंबरठा

'मित्र बरोबर'? म्हणजे सोबतही आणि योग्यही.

मोंपेल्येवासी

होडी नाही आली, पण श्लेष आला. मी हे चोरणार आहे.

सेतला आलात, तर एक पाहा. १९६६ च्या सात मिनिटांहून लांब गाण्यात त्याने आपल्याला सेतच्या वाळूत, समुद्रकाठी पुरावे अशी विनवणी केली आहे आणि टेकडीवरच्या सागरी दफनभूमीत निजलेल्या पोल व्हालेरीची, तोही सेतचाच, नम्रपणे माफी मागितली आहे, की माझी कविता तुझ्याहून हलकी, पण निदान माझी कबर तुझ्याहून समुद्राजवळ असू दे. प्रत्यक्षात त्याची कबर 'ल पी' या साध्यासुध्या लोकांच्या दफनभूमीत आहे, खाऱ्या सरोवराच्या बाजूला. समुद्र तिथून दिसत नाही. योहा हायमानही १९९९ मध्ये तिथेच विसावल्या. मी गेलो त्या दिवशी कबरीवर कोणीतरी पाइप ठेवून गेले होते.

पेठेतला

तीन आठवड्यांनी परत येतो आहे. तिरकस यांचा सल्ला मानला, रोज एक गाणे, शब्द समोर ठेवून. ओव्हेर्न्य या फ्रेंच प्रांतातल्या माणसाचे गाणे, जे प्लांश दांपत्याच्या आठवणीशी जोडले जाते, त्यावर चार दिवस अडकलो. थंडीत लाकडाचे चार तुकडे देणारा, भुकेत पावाचे चार तुकडे देणारी, पोलीस नेत असताना केविलवाणे हसलेला अनोळखी माणूस. तीन कडवी, तीच चाल. पहिल्यांदा मला तीच तक्रार सुचली असती. पण प्रत्येक कडव्यात लाकूड, पाव आणि हसू यांचे मनात पुढे काय झाले, हे सांगताना तीच चाल वर चढते, आणि तिसऱ्या वेळी ती चढणार हे आधीच माहीत असल्यामुळे गळा दाटतो. चाल बदलली असती, तर हे झाले नसते. खर्ज, तुमचे म्हणणे एवढ्यापुरते तरी मान्य. 'दोन काका' मात्र मला आवडले नाही.

खर्ज

एवढ्यापुरते पुरेसे आहे. आता तेच गाणे पुन्हा लावा, गिटार आणि शब्द दोन्ही सोडून द्या आणि फक्त निकोलाचा बास ऐका.